करडईच्या पानात तेल का नाही?

करडईचे रोप कोवळे असतानाच त्याचा पाला खुडून त्याची भाजी करावयाची, ही चाल सोलापूर-विजापूरच्या पट्ट्यात, मराठवाड्यात आणि बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या रानांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. या भाजीला फोडणी द्यावयाची तीही पूर्वी बहुधा करडईच्याच तेलाची असे. म्हणजे ज्या झाडाचे पान भाजीस आले, त्याच झाडाच्या बीने फोडणीचे तेल पुरविले. पानाला मात्र स्वतःचे तेल नाही. ते वरून घालावे लागते. वास्तविक पान आणि बी ही दोन्ही एकाच मुळावर पोसलेली. इतकेच नव्हे, तर बीमधील तेल ज्या साखरेपासून होते, ती साखर पानानेच उन्हात राबून तयार केलेली असते. कच्चा माल ज्याच्या घरी, त्याच्या घरी तेल नाही. आणि ज्याच्याकडे तो माल दुरून वाहून न्यावा लागतो, त्याच्या घरी तेलाची वखार! हे कोडे दिसते तितके क्षुल्लक नाही. ते उलगडण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञांना गेली सत्तर वर्षे खर्ची घालावी लागली आहेत.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचाही नव्हे. अलीकडच्या वर्षांत भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागत आहे, आणि त्यात इंडोनेशिया व मलेशिया या देशांतून येणाऱ्या पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. देशातील तेल वाढवावयाचे म्हणजे एक तर अधिक जमीन गळिताच्या पिकांखाली आणावयाची, नाही तर त्याच जमिनीतून अधिक बी काढावयाचे, किंवा त्याच बीमधून अधिक आणि चांगले तेल निघेल अशी वाणे निपजवावयाची. यांपैकी तिसरा मार्ग धरावयाचा, तर झाड तेल कोठे करते, केव्हा करते आणि कोणाच्या हुकमाने करते, हे जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रथम तेल म्हणजे काय ते पाहू. रासायनिक दृष्टीने तेल म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडून झालेला पदार्थ होय. झाडाच्या दृष्टीने मात्र ती शिदोरी आहे. बी जमिनीत रुजते तेव्हा त्याला पान नसते, म्हणून ऊन मिळूनही अन्न करता येत नाही. मूळ खाली जाईपर्यंत आणि पहिले पान उन्हाला लागेपर्यंतचे जे चार-आठ दिवस, ते आईने बांधून दिलेल्या शिदोरीवरच काढावे लागतात. ज्वारी-गव्हाची बी ही शिदोरी पिष्टाच्या रूपाने बांधते, गळिताच्या पिकांची बी ती तेलाच्या रूपाने बांधते. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ कॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम तेलापासून ९. तेव्हा लहानशा, हलक्या बीमध्ये पुष्कळ बळ भरून द्यावयाचे असेल, तर तेलासारखा दुसरा पदार्थ नाही. मोहरीचा दाणा केवढासा! पण त्याच्या वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग तेलाचा असतो. भुईमुगाच्या दाण्यात ते पंचेचाळीस ते पन्नास टक्के असते, तिळात सुमारे पन्नास, आणि सुक्या खोबऱ्यात तर साठ टक्क्यांच्याही वर जाते.

मग पानात काहीच स्निग्ध द्रव्य नसते काय? असते, आणि येथेच या कोड्याची पहिली गाठ सुटते. वनस्पतीच्या प्रत्येक सजीव पेशीभोवती आणि पेशीच्या आतील प्रत्येक कप्प्याभोवती एक अतितलम पापुद्रा असतो. हा पापुद्रा मेदाम्लांपासूनच बनलेला असतो. पानाच्या पेशीत तर हरितद्रव्य बाळगणाऱ्या हरितकणूंच्या आत अशा पापुद्र्यांच्या चळतीच्या चळती रचलेल्या असतात. त्यामुळे वाळलेल्या पानाच्या वजनाचा पाच ते दहा टक्के भाग मेदाम्लांचा भरतो. पण हा सगळा मेद घराच्या भिंतीत बसविलेल्या विटांसारखा आहे. तो कोठारातील धान्यासारखा नाही. साठवणीचे खरे तेल म्हणावे, असे पानात शेकडा एक भागही नसते. म्हणजे पानाला मेद करता येत नाही असे नाही. ते रोज मेद करते, परंतु जेवढा लागेल तेवढाच करते आणि लगेच कामी लावते. बी मात्र गरजेपलीकडे करीत राहते आणि साठवीत राहते. फरक कसबात नाही. फरक आहे तो त्या कसबावर ठेवलेल्या नियंत्रणात.

हे नियंत्रण समजण्यासाठी तेलाच्या कारखान्यात क्षणभर डोकावले पाहिजे. पानात तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून बीपर्यंत येते. तेथे तिचे तुकडे होऊन दोन कार्बनांचा एक लहान घटक तयार होतो. पेशीतील प्राकल नावाच्या सूक्ष्म कप्प्यात हे घटक एकापुढे एक जोडले जातात आणि सोळा किंवा अठरा कार्बनांची साखळी झाली की मेदाम्ल सिद्ध होते. पानातील हरितकणू हेही एक प्रकारचे प्राकलच. तेव्हा हे काम पानात आणि बीमध्ये एकाच तऱ्हेच्या जागी चालते. सिद्ध झालेली मेदाम्ले मग प्राकलाबाहेर पडून पेशीतील एका जाळीदार पापुद्र्यापाशी येतात. तेथे ग्लिसरॉलला एक, दोन आणि शेवटी तीन मेदाम्ले जोडून तेलाचा रेणू पुरा होतो. जोडणीचा हा क्रम युजीन केनेडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात प्राण्यांच्या पेशींवरील प्रयोगांतून उलगडला. वनस्पतींतही तो तसाच निघाला. तयार झालेले तेल थेंबाथेंबाने जमते. मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा हा एकेक थेंब, आणि प्रत्येकाभोवती ओलिओसिन नावाच्या प्रथिनाचे आवरण. बी उन्हात खडखडीत वाळले तरी हे थेंब एकमेकांत मिसळून त्यांचा गोळा होत नाही, तो या आवरणामुळे. घाण्याला किंवा यंत्राला जोर लावावा लागतो, तो ही आवरणे आणि पेशींच्या भिंती फोडण्यासाठीच.

या कारखान्याला एक देवडी आहे. मेदाम्लाच्या साखळीचे काम सुरू करून देणारे एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, तिच्यावर बसलेले असते. शास्त्रज्ञ त्याला ॲसिटिल को-ए कार्बॉक्सिलेज म्हणतात. पानात या देवडीचा दरवाजा उजेडात उघडतो आणि अंधार पडला की ओढून घेतला जातो. दुसरे असे, की तयार मेदाम्लांना पुढे उठाव नसेल आणि ती प्राकलातच तुंबू लागतील, तर तो तुंबलेला मालच उलट येऊन दरवाजा लोटतो. बाजारात उठाव नाही असे दिसताच विणकराने माग थांबवावा, तसाच हा प्रकार. पानात मेदाम्लांना उठाव कोठून असणार? पापुद्र्यांची डागडुजी झाली की गरज संपली. बीमध्ये मात्र दुसऱ्या टोकाला तेलाची जोडणी अखंड चाललेली असते. त्यामुळे मालाला उठाव राहतो आणि देवडी उघडी राहते. यावरून ध्यानात येईल की तेलासाठी केवळ साखरेचा पुरवठा पुरेसा नाही. अलीकडून रेटा हवा, पलीकडून ओढ हवी, आणि साठलेला माल सांभाळण्याची सोयही हवी.

आता खरा प्रश्न उरतो. बीमध्ये ही तिन्ही कामे एकाच वेळी सुरू करण्याचा हुकूम कोण देतो? वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत जनुकांची तीच ती पोथी असते. पानाच्या पेशीतही तेलाचा अध्याय असतो, परंतु तो वाचला जात नाही. तो वाचावयास लावणाऱ्या प्रथिनाचा पत्ता एका सुरकुतलेल्या बीवरून लागला. अरॅबिडोप्सिस नावाची मोहरीच्या कुळातील एक चिमुकली वनस्पती प्रयोगशाळांत फार वापरतात. तिच्या एका विकृत वाणाचे बी सुरकुतलेले होते आणि त्यात नेहमीपेक्षा ऐंशी टक्के तेल कमी होते, असे निकोल फोक्स व ख्रिस्टोफ बेनिंग या शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखविले. साखर बीपर्यंत येत होती, पण तिचे तेल होत नव्हते. बिघडलेल्या जनुकाला ‘रिंकल्ड’, म्हणजे सुरकुतलेला, असेच नाव पडले. हे जनुक स्वतः तेलाचा कोणताच भाग जोडीत नाही, हे २००४ साली उघड झाले. साखर फोडणाऱ्या आणि मेदाम्ले घडविणाऱ्या अनेक जनुकांना कामाला लावणारा तो मुकादम आहे. तो आला की एक नव्हे, अनेक कारागीर एकदम कामाला लागतात. तो नसला की सगळे हात थंड.

मुकादमाच्या वरही अधिकारी असतात. भ्रूण घडत असताना दोन-चार वरिष्ठ जनुके जागी होतात. ‘आता ही पेशी बीची आहे’ असा मूळ आदेश त्यांच्याकडून सुटतो, आणि त्या आदेशाने ‘रिंकल्ड’ कामाला लागतो. बी रुजले की हे वरिष्ठ रजेवर जातात, आणि ते पुन्हा जागे होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर कायमचा पहाराही बसतो. हा पहारा किती आवश्यक आहे, याचा मासला १९९७ साली जोसेफ ओगास व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या एका वाणात मिळतो. या वाणाच्या काही रोपांची मुळे बारीक व पांढरी न होता जाड, हिरवट आणि फुगीर होतात आणि त्यांत चक्क बीमधील तेल साठू लागते. खारवलेल्या काकडीसारखी दिसणारी ही मुळे पाहून संशोधकांनी त्या जनुकाला ‘पिकल’, म्हणजे लोणचे, असे नाव दिले. या जनुकाचे काम पहारेकऱ्याचे आहे. रोप उगवल्यावर ‘बी असण्याची’ जी सारी पाने, ती बांधून ठेवणे हे त्याचे कर्तव्य. तो पहारा ढिला पडला की मूळही स्वतःला बी समजू लागते. मुळातही तेल करण्याची विद्या आहेच, ती केवळ दडपून ठेवलेली असते, याचा यापरता स्पष्ट पुरावा कोणता?

पण मग बीखेरीज अन्यत्र साठणाऱ्या तेलाचे काय? ऑलिव्हचे तेल फळाच्या गरातून निघते. पामतेलही बीचे नसून फळाच्या गराचे असते. तेलताडाच्या गरातील पाणी वजा केले, तर उरलेल्या भागापैकी नव्वद टक्क्यांपर्यंत तेलच भरते. याच ताडकुळातील दुसरा वृक्ष खजुरीचा. त्याच्या फळाचा गर मात्र साखरेने ओथंबलेला, आणि तेल जवळजवळ नाहीच. एकाच कुळातील दोन फळे; एकाने आलेल्या साखरेची साखरच ठेवली, दुसऱ्याने तिचे तेल केले. २०११ साली शास्त्रज्ञांनी या दोन गरांतील जनुकांचे काम शेजारी शेजारी ठेवून तपासले. तेव्हा मोठा फरक आढळला तो याच मुकादमाच्या बाबतीत. तेलताडाच्या गरात ‘रिंकल्ड’चे काम खजुराच्या मानाने पन्नासपटींहूनही अधिक जोरात चालले होते. आणि विशेष असे, की बीमध्ये त्याला हुकूम देणारे वरिष्ठ येथे कोठेच दिसले नाहीत. म्हणजे फळाच्या गराने मुकादम तोच ठेवला, पण त्याला बोलावण्याची वाट निराळी काढली.

तेलताडाचे फळ आणखीही एक गोष्ट शिकविते. त्याच्या गरातील तेलात पामिटिक आम्ल भरपूर, तर आतील बियांच्या तेलात लॉरिक आम्लाचे प्राबल्य. हे दुसरे तेल खोबरेलाच्या जातीचे. एका फळात, बोटाच्या पेराइतक्या अंतरावर, दोन निराळी तेले! गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर ज्याचे हात खोबरेलाने माखले आहेत, त्याला हे सांगावयास नको की थंडीत खोबरेल गोठते आणि करडईचे तेल गोठत नाही. कारण मेदाम्लांच्या जातीत आहे. नारळाच्या खोबऱ्यात मेदाम्लाची साखळी बारा कार्बनांपाशीच तोडून घेतली जाते. ती तोडणारी कात्री, म्हणजे ते विशिष्ट एन्झाइम, खोबऱ्यात जोराने काम करते. झावळ्यांच्या पापुद्र्यांत मात्र नेहमीची सोळा-अठरा कार्बनांचीच मेदाम्ले बसतात.

बीच्या आतही तेलाची जागा ठरलेली असते. भुईमुगाचे, मोहरीचे, करडईचे तेल दोन दलांत साठते. खुद्द दले ही भ्रूणाचाच भाग होत. एरंडाचे तेल मात्र भ्रूणाभोवतीच्या पुष्कात असते. मक्याच्या दाण्यात पुष्क पिष्टाने भरलेले, आणि तेलाचा बहुतेक सारा साठा टोकाशी असलेल्या अंकुराच्या लहानशा भागात. मोहरीचा कोवळा दाणा हिरवा असतो, याचेही प्रयोजन आहे. सहा कार्बनांच्या साखरेपासून मेदाम्लाचे घटक करताना दोन कार्बन वायुरूपाने निघून जातात, म्हणजे मालाची एकतृतीयांश घट येते. हिरव्या दाण्यातील रुबिस्को हे एन्झाइम या वायूचा काही भाग पुन्हा पकडून कामी आणते आणि ही घट कमी करते, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले.

कोठे आणि किती याइतकाच ‘कोणते’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एरंडेलाचा चिकटपणा सर्वांच्या परिचयाचा. त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे पंचाऐंशी ते नव्वद टक्के भाग एकट्या रिसिनोलेइक आम्लाचा असतो. परंतु एरंडाच्या पानाच्या पापुद्र्यांत हे आम्ल साठत नाही. मोहरीच्या तेलातील इरुसिक आम्लाचेही तसेच. अशा विलक्षण बांध्याची मेदाम्ले पापुद्र्यात शिरली तर त्याची घडी विसकटते, आणि पापुद्रा विसकटला की पेशीचा व्यवहार बिघडतो. म्हणून झाड ती केवळ बीमध्येच घडविते, आणि तेथेही घडविताच तेलाच्या थेंबात बंद करून टाकते. रिसिनोलेइक आम्ल घडविणारे जनुक १९९५ साली हाती आले. ते अरॅबिडोप्सिसच्या बीमध्ये घातले असता या जातीची आम्ले सुमारे सतरा टक्क्यांवरच अडली. पुढे २००८ साली, त्यांना तेलात जोडणारे एरंडाचे स्वतःचे दुसरे जनुकही दिले, तेव्हा कोठे प्रमाण तीस टक्क्यांच्या जवळपास आले. एकटा कारागीर पळवून आणला म्हणून त्याच्या गावचा धंदा आपल्या गावी उभा राहत नाही. त्याचे जोडीदारही आणावे लागतात.

या सर्व विवेचनाचा व्यवहारातील सर्वांत सुंदर दाखला करडईनेच दिला आहे. साध्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे पाऊण हिस्सा असते. हे तेल पातळ व हलके खरे, पण हवा आणि उष्णता लागून ते लवकर खवट होते. तुलनेने ओलेइक आम्ल अधिक टिकाऊ. ओलेइकला आणखी एक जोडबंध देऊन त्याचे लिनोलेइक करणारे एक एन्झाइम आहे. भारतातून नेलेल्या करडईच्या बियाण्यात काही झाडे अशी निघाली, की त्यांच्या तेलात हे प्रमाण नेमके उलटे होते: ओलेइक भरपूर, लिनोलेइक थोडे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल्डेन नोल्स यांनी आपल्या सहकाऱ्यासह या गुणाच्या अनुवंशाचा अभ्यास करून तो १९६३ साली प्रसिद्ध केला, आणि त्याच दशकात या गुणाची करडईची वाणे तेथे शेतात आली. जगभर विकल्या जाणाऱ्या उच्च-ओलेइक करडई तेलाचे मूळ असे भारताच्या मातीत आहे.

येथे एक शंका उभी राहते. लिनोलेइक आम्ल पानाच्या व मुळाच्या पापुद्र्यांनाही लागते. थंडीत पापुद्रे लवचीक राहतात ते अशा आम्लांमुळेच. मग ते एन्झाइमच बिघडले तर झाड जगले कसे आणि वाढले कसे? उत्तर २०१२ साली मिळाले. करडईत या एन्झाइमच्या जनुकाच्या एकाहून अधिक प्रती आहेत. त्यांपैकी एक मुख्यतः बीमध्ये काम करते. दुसरी पानामुळांसह इतरत्र, मंदपणे पण सतत, काम करीत राहते. उच्च-ओलेइक वाणात बिघडली आहे ती फक्त बीची प्रत. त्यामुळे तेल बदलले आणि झाड शाबूत राहिले. निसर्गाने निरनिराळ्या अवयवांसाठी निरनिराळे हुकूमनामे ठेवले आहेत म्हणूनच हे साधले. सूर्यफुलाच्या साध्या वाणांत तर हवामानही या कामात हात घालते: दाणे भरताना हवा उष्ण असली तर ओलेइकचे प्रमाण वाढते, थंड असली तर लिनोलेइकचे.

तेल करण्याला जागा असते, तसा काळही असतो. फूल गळल्यावर आरंभीचे काही दिवस बीमधील पेशी केवळ वाढतात. तेल जवळजवळ नसते. मग मधला काळ येतो आणि थोड्याच दिवसांत बहुतेक सर्व तेल भरले जाते. शेवटी बी वाळू लागते आणि कारखाना बंद होतो. मधल्या काळात पाण्याचा ताण पडला, किंवा पाने रोगाने गळून साखरेचा ओघ आटला, तर पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेले तेल परत येत नाही. दाणा भरण्याच्या वेळचे पाणी चुकवू नये, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव या शास्त्राने अक्षरशः खरा ठरविला आहे.

आणि जे साठविले ते रुजताना मोडावेही लागते. तेल रोपाला तसेच वापरता येत नाही. त्याची पुन्हा साखर करून ती मूळ-कोंबांकडे धाडावी लागते. मनुष्याच्या शरीराला मेदाम्लांपासून अशी साखर करता येत नाही. रुजणाऱ्या बीला येते. हे ती कशी करते, याचा मार्ग हॅन्स कॉर्नबर्ग व हॅरी बीव्हर्स यांनी १९५७ साली एरंडाच्या रुजत्या बीवर प्रयोग करून शोधला. पुढे १९६७ साली बीव्हर्स यांच्याच प्रयोगशाळेत या कामासाठी पेशीत असलेला खास कप्पाही वेगळा काढून दाखविण्यात आला. पाने हिरवी होऊन कामाला लागली की या कप्प्यांचे हे कामही संपते.

इतके कळल्यावर माणसाला मोह होणारच, की पानातच तेल का पिकवू नये? एका झाडाला बी किती आणि पाने किती! ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हा प्रयोग तंबाखूवर केला. रेटा देणारा मुकादम, ओढ लावणारे तेलजोडणीचे एन्झाइम आणि थेंब सांभाळणारे ओलिओसिन, अशी तीन कामांची तीन जनुके त्यांनी पानात एकाच वेळी जागी केली. २०१४ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की वाळलेल्या पानाच्या वजनाचा पंधरा टक्क्यांहून अधिक भाग तेलाचा झाला. २०१७ साली हा आकडा तीस टक्क्यांपर्यंत गेला. पण त्याबरोबर पानातील पिष्टाचा साठाही खालावला. हे पिष्ट म्हणजे झाडाची रात्रीची भाकरी. ती तेलात घातली, तर तिची भरपाई कोठून तरी करावीच लागते.

हाच हिशेब बीलाही लागू आहे. अमेरिकेतील इलिनॉय येथे मक्याचे तेल निवडीने वाढविण्याचा प्रयोग १८९६ साली सुरू झाला. पिढ्यान् पिढ्या जास्त तेलाचे दाणे निवडीत गेल्याने पाच टक्क्यांच्या आतले तेल कालांतराने वीस टक्क्यांपर्यंत चढले. परंतु अंकुर मोठा झाला तसे पिष्टाचे पुष्क आक्रसले, आणि एकंदर उत्पन्नही मागे पडले. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे वीस टक्के तेल आणि चाळीस टक्के प्रथिन असते. एक वाढविले की बहुधा दुसरे उतरते. म्हणून नव्या वाणाची जाहिरात केवळ ‘तेलाचे प्रमाण जास्त’ एवढ्यावरून पारखणे धोक्याचे आहे. शेकडा तेल किती, या प्रश्नाबरोबर एकरी बी किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दोहोंचा गुणाकार हेच खरे उत्पन्न. त्याखेरीज तेल कोणत्या जातीचे आणि मागे राहिलेल्या पेंडीचा कस काय, हेही पाहावे लागते.

हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे गळिताच्या पिकांची आणि इंदूर येथे सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. माळव्याचे सोयाबीन, ग्वाल्हेर-मुरैनाकडील मोहरी, उत्तर गुजरातचा एरंड, सौराष्ट्राचा भुईमूग, गोव्याचा नारळ आणि सोलापूर-विजापूरची करडई, या प्रत्येकाच्या पेशीत तेलाचा अध्याय तोच आहे. तो उघडण्याची वेळ, जागा आणि रीत मात्र ज्याची त्याची निराळी आहे. २०२१ साली केंद्र सरकारने तेलताडाच्या लागवडीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. तेलताड एकरी तेल पुष्कळ देतो हे खरे, पण तो पाणीही पुष्कळ मागतो आणि फळासाठी काही वर्षे थांबावयास लावतो. पावसाच्या ओलीवर उभी राहणारी करडई ही त्या रानाची सोय आहे, आणि तिच्या बीमध्ये नेमके कोणते तेल भरावयाचे, हे ठरविण्याची किल्ली आता मनुष्याच्या हाती आलेली आहे. पान पान राहून आणि बी बी राहून, बीचाच कारखाना अधिक नेटका कसा चालेल, हा विचार पानातून तेल काढण्याच्या स्वप्नापेक्षा कमी आकर्षक वाटेल. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात लवकर पोहोचेल तो हाच.